कृष्णा खोऱ्याची तब्येत : प्रकल्प नोंदी, ऑक्टोबर २०२४ ते जून २०२५

७ ऑक्टोबर २०२४, सांगली

नमुने घ्यायचे थांबे आज पक्के केले. महाबळेश्वरच्या खालच्या ओढ्यांपासून थेट हंसलदीवीपर्यंत, जिथे कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. नदी साधारण १,४०० किलोमीटर, खोरे २,५८,९४८ चौरस किलोमीटर. त्यातले सुमारे २७ टक्के महाराष्ट्रात, ४४ टक्के कर्नाटकात, बाकी तेलंगण आणि आंध्रात. एकटी कृष्णा पाहून भागणार नाही. भीमा ८६१ किलोमीटरची, तुंगभद्रा ५३१ ची, आणि तिघींच्या पाण्याची जात वेगवेगळी.

थांबे जोडीने घेतले आहेत. शहराच्या वर एक, खाली एक. धरणाच्या फुगवट्यात एक, भिंतीखाली एक. संगमाआधी दोन्ही नद्यांवर आणि संगमानंतर पुन्हा. पुलावरून दोरीने बादली सोडणे सोयीचे असते, पण पुलाखाली पाणी आवळलेले असते, काठ दगड-सिमेंटचा असतो, आणि तिथे जे जीव सापडतात त्यांच्यावरून पूर्ण पट्ट्याबद्दल काही म्हणता येत नाही. आम्ही पुलापासून लांब, काठावर थोडी तरी झाडी उरली आहे अशा ठिकाणी पाण्यात उतरणार.

चार गट आहेत. आमचा वरच्या कृष्णेवर, दुसरा बेळगाव-बागलकोट, तिसरा रायचूर-कर्नूल, चौथा त्रिभुज प्रदेशात. भीमेवर आम्ही आणि सोलापूरकडची मंडळी मिळून. सगळ्यांची जाळी एकाच छिद्राची हवी, अर्ध्या मिलिमीटरची, हा आग्रह मी पहिल्या बैठकीपासून धरला होता आणि तो मान्य झाला. एका गटाची जाळी बारीक आणि दुसऱ्याची जाड असली, की राज्याची हद्द ओलांडताच नदी एकाएकी आजारी पडल्यासारखी किंवा बरी झाल्यासारखी दिसते. डॅन्यूबचे खोरे १९ देशांत विभागलेले आहे. तिथे २००१, २००७ आणि २०१३ च्या संयुक्त पाहण्यांत तज्ज्ञांचा एकच गट बोटीने जर्मनीपासून काळ्या समुद्राकडे गेला, तो याचसाठी. आपल्याला बोट परवडणार नाही. जाळी आणि गुण नोंदवायचे पत्रक तरी एक असावे.

१६ ऑक्टोबर

पत्रकाचा मसुदा तयार. पाच गोष्टी : प्रवाह, पाण्याचे रसायन, तळाचे जीव, मासे, काठ.

रसायनाचे निकष सर्वांना माहीत आहेत. आंघोळीयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा, बीओडी (घाण कुजताना खाल्ला जाणारा प्राणवायू) ३ च्या आत, सामू (आम्ल-अल्कलीचे माप) ६.५ ते ८.५. पण बाटलीतले पाणी फक्त त्या वेळचे सांगते. दगडाखाली राहणारे जीव तिथे महिनोन् महिने असतात. स्टोनफ्लाय या कीटकाची पिल्ले पाण्यात वाढतात, त्यांना थंड, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते, आणि एका रात्रीपुरते जरी पाणी बिघडले तरी ती मरतात. पुढच्या आठवड्यात नदी कितीही स्वच्छ दिसो, त्या दगडाखाली ती नसतात. म्हणून गुण कुळांवर द्यायचे : स्टोनफ्लाय आणि मेफ्लायच्या नाजूक कुळांना १०, चिखलातल्या लाल अळ्यांना २, गाळातल्या बारीक किड्यांना १. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैविक वर्गवारीही याच तत्त्वावर उभी आहे, निळ्या रंगापासून (सर्वांत स्वच्छ) लालपर्यंत (सर्वांत बिघडलेले). ती आपण तशीच घेतली, नवे काही काढले नाही. चार राज्यांना मान्य होईल असे आधीच हाताशी असताना स्वतःची मोजपट्टी कशाला बनवायची.

२३ ऑक्टोबर, वारणेचे वरचे खोरे

संदर्भ थांबा. बिघाड किती हे सांगायचे तर धड काय असते ते आधी पाहायला हवे. वनखात्याची परवानगी मिळायला वेळ लागला, पण चांदोलीच्या जंगलातून येणारा ओढा पाहिला आणि सगळ्यांचा शीण गेला. पाणी घोट्याएवढे, गार, तळचा प्रत्येक गोटा दिसत होता. एकेक दगड उलटून पाहताना दोन शेपट्यांची स्टोनफ्लायची पिल्ले, तीन शेपट्यांची मेफ्लायची, आणि वाळूचे कण चिकटवून घर बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या. काठाला पाणजांभूळ आणि शेरणी. शेरणीची मुळे दगडांच्या फटीत इतकी घट्ट बसतात की पुरातही ती हलत नाही, फक्त आडवी होते.

विद्यार्थ्यांना इथे मुद्दाम आणले. त्यातली बरीच मुले नदीकाठची आहेत, पण अशी नदी त्यांनी पाहिलेली नव्हती.

मात्र हा ओढा सांगलीच्या कृष्णेला मापदंड म्हणून लावता येणार नाही. डोंगरातला उताराचा ओढा आणि काळ्या मातीतून सावकाश वाहणारी मोठी नदी यांत मुळातच वेगळे जीव असतात. वरच्या खोऱ्यात बेसॉल्ट, खाली रायचूरकडे ग्रॅनाइट आणि नाइस. बेसॉल्टवरच्या पाण्यात क्षार निसर्गतःच थोडे जास्त. पाऊसही तसाच : महाबळेश्वरला ५,५०० मिलिमीटरच्या पुढे आणि तिथून जवळच माण-खटावात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. म्हणून नदीचे प्रकार पाडले : घाटातले ओढे, बेसॉल्टवरची मैदानी नदी, ग्रॅनाइटवरची नदी, धरणाचा जलाशय, खाडी. प्रत्येकाचा मापदंड वेगळा. मैदानी कृष्णेसाठी धडधाकट नमुना शोधणे सर्वांत अवघड जाणार आहे, कारण तसा पट्टा उरलेलाच नाही. जुन्या नोंदी आणि जुनी माणसे, दोन्हींचा आधार घ्यावा लागेल.

६ नोव्हेंबर

दिवाळी झाली आणि बंधाऱ्यांना बर्गे बसले. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे हे दरवर्षीचेच. पावसाळ्यात खांबांमधून नदी मोकळी वाहते, पाऊस संपला की खाचांत बर्गे म्हणजे फळ्या बसवून पाणी अडवतात. उसाला, गावाच्या नळाला, उपसा योजनांना तेच पाणी. या बंधाऱ्यांवर माझ्याही घरचे शेत भिजले आहे, त्यांची गरज मला कोणी समजावून सांगायला नको.

पण नदीचे काय होते ते आज डोळ्यांनी पाहिले. बर्गे बसण्याआधी ज्या खळाळात आम्ही जाळी लावली होती, तो खळाळ आता पाण्याखाली आहे. एकामागून एक बंधारे असल्याने नदीच्या तळ्यांची उतरंड झाली आहे, आणि त्या तळ्यांत गाळ बसतो. तोच थांबा, तीच जाळी, तितकीच मिनिटे : कॅडिसफ्लाय नाही, मेफ्लायमधली फक्त चिवट कुळे, आणि लाल अळ्या भरपूर. पाण्याच्या रसायनात अजून काहीच फरक नाही. प्रवाह थांबला एवढेच झाले आहे.

हे पत्रकात ठळक लिहायला हवे. प्रदूषण नसतानाही नदी खालावू शकते.

१९ नोव्हेंबर, औदुंबरच्या अलीकडे

माशांसाठी भोई समाजातल्या जुन्या मंडळींशी बोलणे. फोटोंचा फलक सोबत नेतो, कारण एकाच माशाला दहा कोसांवर दुसरे नाव असते आणि कर्नाटकच्या गटाशी ताळा जमवायचा आहे.

तात्यांनी फलक हातात घेतला आणि एकेका चित्रावर बोट ठेवत गेले. मरळ आहे, कमी झाला. शिंगाळा आहे. वाम क्वचित. खडस, म्हणजे महसीर, इथे नाही, "वर कोयनेच्या डोहात असंल." चिलापी विचारूच नका, जाळ्यात निम्मी तीच. परदेशी मांगूरही येतो, ज्याच्या पैदाशीवर आपल्याकडे २००० सालापासून बंदी आहे. मग अहिराच्या, म्हणजे सापासारख्या लांब ईल माशाच्या, चित्रापाशी थांबले.

"अहीर आता कुठला गावतोय ताई? माझी थोरली लेक पाळण्यात हुती तवा शेवटचा बघितला. मांडीएवढा जाड."

थोरली लेक आता पन्नाशीच्या पुढे आहे. तात्यांचा हिशेब नकाशाशी तंतोतंत जुळतो. अहीर समुद्रात जन्मतो, पिल्ले नदी चढून वर येतात, वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात वाढतात आणि अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे जातात. विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा १९५७ चा, नागार्जुनसागर १९६७ चे, त्यानंतर श्रीशैलम, जुराला, नारायणपूर, अलमट्टी. वाट बंद झाल्या दिवशी सांगलीतले अहीर संपले नाहीत. जे वर होते ते म्हातारे होत गेले, खालून नवे आले नाहीत. आंध्रातल्या भिंतीचा परिणाम सांगलीच्या जाळ्यात दहा-वीस वर्षांनी दिसला. खोरे एकच आहे याचा याहून धडधडीत पुरावा मला तरी ठाऊक नाही. अहिराला पत्रकात स्वतंत्र रकाना दिला.

विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने छापली. तोंडावर आडवी खोल खाच असलेला नुक्ता त्यातलाच. हा मासा दख्खनच्या नद्यांबाहेर कुठेही नाही. तात्यांनी त्याचे चित्र लगेच ओळखले आणि "अजून येतोय एखादा, खडकाळ भागात" म्हणाले. तो खडकाळ भाग कुठला ते नोंदवून घेतले आहे. इथे लिहीत नाही, नाहीतर लोक जाळी घेऊन तिथेच जातील.

१२ डिसेंबर

गळीत हंगाम जोरात. नदीकाठच्या दोन गावांतून फोन आले, पाण्याला मळीचा वास येतोय म्हणून. गेलो तोवर पाणी पुढे सरकले होते. तळाचा नमुना घेतला, लाल अळ्यांशिवाय काही नाही. कोणाकडून आले ते आमच्याजवळच्या पुराव्यावरून सांगता येत नाही, म्हणून नाव लिहिलेले नाही. थांब्यापुरता निकाल लिहिला.

२० डिसेंबर, पहाट

या प्रकल्पातले सर्वांत महत्त्वाचे काम माझ्या मते आज झाले.

बंधाऱ्याच्या फुगवट्यातला एक थांबा निवडला, जिथे आधीच्या सगळ्या फेऱ्यांत प्राणवायू उत्तम भरला होता, कधी कधी तर त्या तापमानाला पाण्यात मावू शकतो त्याहूनही जास्त. कागदावर हा थांबा निरोगी. पण पाणी हिरवे होते, काठाला जलपर्णीची पट्टी, आणि वरच्या अंगाला गावाचे सांडपाणी उघड्यावर येते. हे जमत नव्हते. म्हणून आदल्या दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दर दोन तासांनी बाटली भरली.

प्रयोगशाळेत नेईपर्यंत प्राणवायू बदलतो, त्यामुळे तो जागेवरच बांधून घ्यावा लागतो. बाटलीत आधी मँगेनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. नसेल तर पांढरा राहतो. दुपारच्या बाटलीत साका गडद तपकिरी, जवळजवळ कॉफीच्या रंगाचा. मध्यरात्री फिका. पहाटे साडेपाचच्या बाटलीत जवळपास पांढरा. बॅटरीच्या उजेडात मुले बाटल्या ओळीने धरून बघत राहिली. पाण्यावर मासे तोंड वर काढून हवा घेत होते. जवळ जाऊन पाहिले तर बहुतेक चिलापी, जी असल्या पाण्यातही तग धरते.

कारण सरळ आहे. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसले जाते. दिवसा ऊन असते तोवर ते प्राणवायू सोडते. रात्री तेच शेवाळ आणि तळातले कुजणारे सगळे मिळून प्राणवायू खातात. मासा चोवीस तास पाण्यात असतो. त्याचे मरण पहाटेच्या तासात ठरते, आणि आपण नमुना घेतो सकाळी अकराला.

चारही गटांना आज सायंकाळी कळवले : साचलेल्या प्रत्येक थांब्यावर पहाटेची बाटली सक्तीची. रायचूरच्या सरांनी लगेच होकार दिला. रात्री नदीवर जायचे तर मगरींचे भान ठेवा, एवढे त्यांनी वर लिहिले. आमच्याकडे भिलवडी ते दिग्रज पट्ट्यात मगरी आहेतच, त्यामुळे पाण्यात न उतरता काठावरून लांब दांड्याने बाटली भरायची.

११ जानेवारी २०२५, भिगवण

उजनीचा फुगवटा. रोहित पक्ष्यांचे थवे आले आहेत, पट्टकादंबही. पर्यटकांच्या होड्या सारख्या ये-जा करत होत्या, सगळे खूश.

सोलापूरच्या गटातल्या एकाने विचारले की इतके पक्षी आहेत तर काठाच्या रकान्यात गुण वाढवायचे का. मी नाही म्हटले. उजनी एकूण ११७ टीएमसीचे (अब्ज घनफुटांचे) धरण, १९८० चे, आणि त्यात मुळा-मुठेतून पुणे-पिंपरीचे सांडपाणी येते. उथळ, खाद्याने भरलेल्या पाण्यात चाळणीसारख्या चोचीने खाणाऱ्या पक्ष्याची चंगळ होते. त्यांचे येणे आनंदाचे आहे, पाणथळ म्हणून भिगवण जपायलाच हवे. पण जलाशय रोहितला मानवतो म्हणून भीमा निरोगी ठरत नाही. पक्ष्यांत आम्ही नदी सुरय आणि आर्ली मोजतो, कारण ते वाळूच्या बेटांवर अंडी घालतात. वाळू उपसली गेली, किंवा ऐन विणीत धरणाचे पाणी सुटले, की त्यांची घरटी जातात. नदी म्हणून नदी शाबूत आहे का, ते या दोघांवरून कळते.

३ फेब्रुवारी

तुंगभद्रेचा गट हंपीहून परतला. तिथे २०१५ पासून पाणमांजरांसाठी राखीव पट्टा आहे, खडक, डोह आणि झाडीचा. पाणमांजराची विष्ठा मिळाली, तीत माशांचे खवले आणि खेकड्यांची कवचे. मासे आणि काठ या दोन्ही रकान्यांत त्यांचा हा पट्टा आतापर्यंत सर्वांत वर. डोंगरातल्या थांब्यांवर, जिथे भद्रेचा उगम आहे, तिथली कुद्रेमुखची लोहखाण २००५ अखेर बंद झाली. तळातला लाल बारीक गाळ किती निवळला ते पुढच्या फेरीत पाहायचे आहे.

एक अडचण. १० ऑगस्टच्या रात्री तुंगभद्रा धरणाचा १९ क्रमांकाचा दरवाजा वाहून गेला होता. त्यामुळे या वर्षीच्या खालच्या प्रवाहाच्या नोंदी नेहमीच्या वर्षासारख्या धरता येणार नाहीत. प्रवाहाच्या रकान्यात तशी खूण केली.

२१ फेब्रुवारी

दिवसभर प्रवाहाचा रकाना. बाहेर कुठे जाणे नाही, नुसते आकडे.

कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने ७५ टक्के खात्रीचे पाणी २०६० टीएमसी धरले आणि ते वाटले : महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८००. बेरीज करून पाहा. बरोबर २०६०. नदीत ठेवायला काही उरत नाही. १९७० च्या दशकात नदीला स्वतःसाठी पाणी लागते हा विचारच वाटपात नव्हता, आणि त्या काळाला त्यासाठी दोष देण्यात अर्थ नाही.

ब्रिजेश कुमार लवादाने २०१० मध्ये तो विचार पहिल्यांदा केला. किमान प्रवाहासाठी १६ टीएमसी : महाराष्ट्राने ३, कर्नाटकाने ७, आंध्राने ६ सोडायचे. खोऱ्याचे सरासरी पाणी त्याच लवादाने २५७८ टीएमसी धरले आहे. म्हणजे नदीचा वाटा जेमतेम ०.६ टक्के. आणि तो निवाडाही सर्वोच्च न्यायालयातल्या दाव्यांमुळे राजपत्रात आलेला नाही. टेनंट यांच्या १९७६ च्या पद्धतीत वार्षिक सरासरी प्रवाहाच्या १० टक्क्यांवर जीव कसेबसे तगतात, ३० टक्क्यांना बऱ्यापैकी राहतात. ती पद्धत अमेरिकेतल्या नद्यांवरून बसवलेली आहे, पावसाळी नदीला जशीच्या तशी लावू नये, हे मला मान्य. तरी १० आणि ०.६ यांतले अंतर कोणत्याही पद्धतीने भरून निघणारे नाही.

आणखी एक बेरीज. कोयनेचे ६७.५ टीएमसी पाणी वीज करून सह्याद्रीपलीकडे वाशिष्ठीत जाते. मुळशी आणि भीमेच्या उपनद्यांवरच्या टाटांच्या इतर धरणांतून सुमारे ४२ टीएमसी पश्चिमेला उतरते. मिळून ११० च्या आसपास. हे पाणी खोऱ्यातच राहत नाही, त्यामुळे त्याचा एक थेंबही पुन्हा कुठल्या थांब्यावर दिसत नाही. आपल्या राज्यातला हा भाग आपणच मांडला पाहिजे. कर्नाटकच्या सांडपाण्याबद्दल आपण बोलायचे आणि हे झाकून ठेवायचे, असे झाले तर पुढच्या बैठकीला आपले कोण ऐकेल?

प्रत्येक थांब्यासाठी आता दोनच प्रश्न ठेवले आहेत. मे महिन्यात इथे पाणी वाहते का? आणि पावसाळ्याची पहिली लाट इथवर पोहोचते, की वरच्या धरणात अडते? दुसरा प्रश्न माशांचा आहे. महसीर आणि त्याचे भाऊबंद त्या पहिल्या गढूळ पाण्याच्या इशाऱ्यावर वर चढतात.

१२ मार्च, पंचगंगा

प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत. वर बरी, कोल्हापूरच्या खाली घसरते, इचलकरंजीच्या खाली फार घसरते, आणि तशीच वाडीला कृष्णेत येते. २०१२ मध्ये इचलकरंजीत कावीळ पसरली आणि माणसे गेली, हे त्या शहरात कोणी विसरलेले नाही. संगमावर एकाच काठाने चालत गेलो तर दोन नद्यांच्या पाण्याचे दोन रंग काही अंतर शेजारी शेजारी चालतात. नमुना कुठल्या रंगात घेता त्यावर निकाल बदलतो, म्हणून संगमाखालचा थांबा दोन्ही पाणी मिसळतात तिथवर खाली नेला.

शिरोळच्या बाजूला क्षारपड शेते दूरवर पांढरी. अति पाण्याने मेलेली जमीन आणि पाण्यावाचून थांबलेली नदी एकाच शिवारात.

२९ मार्च, चारही गटांची बैठक

गुण कसे जोडायचे यावर दिवसभर वाद. चांगला वाद झाला.

बेळगावच्या गटाचे म्हणणे सरासरी घ्यावी. पाच रकाने, पाच गुण, भागिले पाच. सोपे, कोणालाही समजेल. मी उलट बाजूने. आमचा नोव्हेंबरचा बंधाऱ्याचा थांबा पुढे ठेवला : रसायन चांगले, काठ चांगला, तळ खराब, मासे खराब, प्रवाह शून्य. सरासरी काढली की "मध्यम" येते. रक्तदाब, साखर आणि ताप यांची सरासरी काढून कोणी रोग्याला बरा ठरवत नाही. युरोपीय संघाच्या २००० सालच्या जलविषयक चौकटीतही नियम हाच आहे : ज्या घटकाची स्थिती सर्वांत वाईट, तीच त्या पाण्याची स्थिती.

त्यावर बेळगावच्या मॅडमनी जे मांडले ते मोलाचे होते. असे केले तर बहुतेक खोरे लाल दिसेल, आणि एखाद्या नगरपालिकेने खरोखर सांडपाणी प्रकल्प उभा करून रसायन सुधारले तरी तिचा थांबा लालच राहील, कारण प्रवाह तिच्या हातात नाही. मग ती दुसऱ्यांदा खर्च का करील?

शेवटी ठरले ते असे. थांब्याचा एकूण वर्ग सर्वांत कमी गुणाचा. पण नकाशावर त्याच्या शेजारी पाचही रकाने रंगांत छापायचे, आणि प्रत्येक रकान्याखाली तो कोणाच्या हातात आहे ते लिहायचे : नगरपालिका, कारखाना, पाटबंधारे विभाग, लवाद. हे शेवटचे मॅडमचेच. मला ते सुचले नव्हते आणि या पूर्ण पत्रकात तेच सर्वांत उपयोगी ठरेल असे वाटते.

१७ एप्रिल, त्रिभुज प्रदेशाच्या गटाचा अहवाल

प्रकाशम बंधाऱ्याखाली नदी अशी नाहीच, वाळू आणि मधूनमधून डबकी. त्यापुढे खाडीचे खारे पाणी वर चढलेले. १९६० पूर्वी दरवर्षी सरासरी ५७ अब्ज घनमीटर पाणी समुद्रात जात होते. २००१ ते २००४ या कोरड्या वर्षांत ते जवळपास शून्यावर आले होते. गाळ तर त्याआधीच वरच्या जलाशयांत बसतो. नव्या गाळाशिवाय किनारा भरत नाही, आणि तिवरांना गोड्या-खाऱ्या पाण्याचे जे मिश्रण लागते ते बिघडते. कृष्णा अभयारण्याच्या तिवरांत मासेमारी मांजर अजून आहे, गटाच्या कॅमेऱ्यात ठसे आले. चहूबाजूंनी कोळंबीची तळी.

खाडीच्या पत्रकात आमचे तळाचे जीव चालत नाहीत, तिथे खेकडे, शिंपले आणि तिवरांची रोपे मोजायची. त्यांनी पद्धत छान बसवली आहे.

८ मे

उन्हाळ्यातली फेरी सुरू. वर्षातल्या सर्वांत वाईट दिवसांचे चित्र हवे म्हणून ही फेरी. कराडला प्रीतिसंगमाखाली कोयनेच्या सोडलेल्या पाण्यामुळे धार आहे. त्याखाली बंधाऱ्यामागून बंधारे.

२७ मे

फेरी अर्धवट थांबली. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून पाऊस लागला तो उघडलाच नाही. काल, २६ तारखेला, मान्सून मुंबईत पोहोचला, १९५० नंतर इतक्या लवकर कधीच आला नव्हता. काही बंधाऱ्यांचे बर्गे काढायला वेळच मिळाला नाही.

पण एक गोष्ट हाती आली. पहिल्या लोंढ्याबरोबर बंधाऱ्यांमागे साचलेला काळा गाळ एकदम सुटतो आणि खाली मासे मरतात, हे पंचगंगेकाठी दरवर्षी ऐकू येते. या वेळी मुले तिथेच होती. लोंढ्याच्या आधी, लोंढ्यात आणि नंतर, अशा ओळीने बाटल्या भरल्या. लोंढ्यातल्या बाटलीत साका पांढरा.

१२ जून

निकालपत्रक जुळवले. घाटातले ओढे निळे. हंपीचा पट्टा हिरवा. बंधाऱ्यांची कृष्णा नारिंगी, आणि तिथे रसायन नव्हे, प्रवाह आणि तळ खाली ओढतात. पंचगंगेचा खालचा पट्टा, मुळा-मुठा आणि उजनीचा शेपटाकडचा भाग लाल. प्रकाशमखालचा पट्टा लाल, फक्त प्रवाहामुळे.

पावसाने हुकलेल्या थांब्यांच्या उन्हाळी रकान्यात "नोंद नाही" असे लिहिले आहे. शेजारच्या थांब्यावरून अंदाज भरावा अशी सूचना आली होती, ती घेतली नाही. अहिराचा रकाना चारही राज्यांत, प्रकाशमच्या वर, रिकामा. त्याच्या खाली त्रिभुज प्रदेशाच्या गटाला नदीच्या मुखाशी पिल्ले मिळाली आहेत, बोटभर लांब, काचेसारखी आरपार दिसणारी. म्हणजे समुद्रातून ती अजून येतात आणि बंधाऱ्याशी थांबतात. प्रकाशमवर माशांसाठी वाट करता येईल का, यावर विजयवाड्याच्या गटाने वेगळे टिपण लिहायला घेतले आहे.

नुक्त्याच्या खडकाळ पट्ट्यासाठी पाटबंधारे विभागाला आज पत्र दिले. तिथल्या खालच्या एका बंधाऱ्याचे बर्गे या वर्षी पंधरा दिवस उशिरा बसवावेत, म्हणजे खळाळ तेवढे दिवस उघडा राहील आणि आम्हाला बर्गे बसण्याआधीचा आणि नंतरचा नमुना एकाच जागी पुन्हा घेता येईल. त्या बंधाऱ्यावर पाणी घेणाऱ्या गावांची यादी सोबत जोडली आहे. सरपंचांशी बोलायला रविवारी जायचे आहे.